मातीच्या लहान धरणाची गळती दरवर्षी परत का येते

पावसाळ्यात तलाव काठोकाठ भरतो, सांडवा वाहतो, आणि दोन-अडीच महिन्यांत पाणी निम्म्यावर येतं. धरणाच्या कोरड्या बाजूला पायथ्याशी ओल धरते, लव्हाळं माजतं, खालच्या ओढ्यात बारीक धार चालू राहते. उन्हाळ्यात त्या ओलीवर काळी माती लोटली जाते, नाहीतर सिमेंटचा थर दिला जातो. पुढच्या पावसाळ्यानंतर तीच ओल चार हात बाजूला निघते.

असं दरवर्षी होत असेल तर दुरुस्ती चुकीच्या बाजूला होते आहे. भरावातून जाणारं पाणी अडवायचं ते जिथून शिरतं तिथे, म्हणजे पाण्याकडच्या बाजूला. जिथून ते बाहेर पडतं तिथे त्याला वाट मोकळी ठेवायची, फक्त सोबत माती जाऊ द्यायची नाही. कोरड्या बाजूचं तोंड बुजवलं की पाणी भरावात कोंडतं, आतली पाण्याची रेषा वर चढते आणि भिजून जड झालेला उतार घसरायच्या बेताला येतो. काळ्या मातीचा जाड लेप हा यातला सगळ्यात वाईट उपाय, कारण तो काही दिवस यशस्वी झाल्यासारखा दिसतो.

आधी पाण्याचा रंग

प्रत्येक मातीचं धरण थोडंफार पाझरतं. पाझर स्वच्छ असेल आणि वर्षानुवर्षं तेवढाच राहत असेल तर तो फक्त पाण्याचा तोटा. गढूळ पाझर म्हणजे भरावाची किंवा पायाची माती वाहून जाते आहे आणि आत पोकळी लांबत चालली आहे. हे डोळ्यांनी ठरवू नका. काचेची स्वच्छ बाटली तळ न ढवळता वाहत्या धारेतून भरा आणि चोवीस तास हलवू नका. तळाशी मातीची कड बसली तर प्रकरण गंभीर आहे. बाटलीवर तारीख आणि जलाशयाची पातळी लिहा, आठवड्याने दुसरी भरा आणि दोन्ही शेजारी ठेवून बघा. एकदा स्वच्छ आलं म्हणून निश्चिंत होऊ नका. आतल्या पोकळीचं छत ढासळलं की काही काळ धार मंदावते, निवळ होते, आणि मग अचानक पुन्हा गढूळ होते.

धार गढूळ आहे आणि वाढतेही आहे, असं दिसलं तर तपासणी तिथेच थांबवा. अमेरिकेतलं ९३ मीटर उंचीचं टेटन धरण पहिल्या भरणीतच, ५ जून १९७६ रोजी फुटलं. सकाळी गढूळ गळती दिसली आणि दुपारी बाराच्या आत भराव वाहून गेला. लहान धरणात पाणी कमी असतं, पण भरावही तेवढाच अरुंद असतो. आधी ओढ्याकाठच्या लोकांना हलवा आणि धरण ज्या यंत्रणेच्या ताब्यात आहे तिला कळवा. मग विमोचक, म्हणजे भरावाखालून पाटात पाणी सोडायची वाट, पूर्ण उघडा. पाण्याकडच्या बाजूला भोवरा दिसत असेल तर काठावर सुरक्षित उभं राहून त्यात दगड, मुरूम, मातीची पोती टाका. त्याच्या जवळ पाण्यात कुणीही उतरायचं नाही. पायथ्याशी जमिनीतून उमाळा येत असेल तर त्याभोवती वाळूच्या पोत्यांचं कडं करा. उमाळा दाबून बंद करायचा नाही. कड्यात पाणी चढू द्यायचं, त्या उंचीने आतल्या पाण्याचा जोर कमी होतो. पाणी निवळ येऊ लागलं की त्या उंचीवर थांबायचं आणि जादा पाणी एका बाजूने सोडायचं. भराव भसभशीत लागत असेल किंवा माथा खचत असेल तर पोती सोडून तिथून निघा.

खरंच किती गळतंय

कोरड्या, उन्हाळी हवेत उघड्या पाण्यावरून दिवसाला ६ ते १० मिलिमीटर पाणी नुसतं उडून जाऊ शकतं. महिन्याचं ते वीस-तीस सेंटिमीटर झालं. उथळ आणि पसरट तलावात एवढ्यानेच पाणी डोळ्यांदेखत आटतं आणि खापर भरावावर फुटतं. म्हणून बाष्पीभवन वेगळं काढायला हवं.

त्याला महागडं साधन लागत नाही. साठेक सेंटिमीटर रुंद आणि तीस-चाळीस सेंटिमीटर खोल टब घ्या. वाऱ्याच्या आडोशाला उथळ पाण्यात तो दगडांवर पक्का बसवा, काठ बाहेरच्या पाण्यापेक्षा ८ ते १० सेंटिमीटर वर राहू द्या. टबात बाहेरच्या पातळीइतकंच पाणी भरा. आत एक मोजपट्टी, बाहेर जलाशयात रोवलेल्या खुंटाला दुसरी. वर विरळ जाळी टाका, नाहीतर जनावरं आणि पक्षी पितील. या काळात पंप बंद, विमोचक बंद, आवक नाही, पाऊस नाही. सात दिवस, रोज सूर्योदयाला, वारा पडलेला असताना दोन्ही वाचनं लिहा. टबातली पातळी फक्त उडालेल्या पाण्याने उतरते, जलाशयाची उडालेल्या आणि गळालेल्या अशा दोन्ही पाण्याने.

समजा सात दिवसांत जलाशय १२६ मिलिमीटर उतरला आणि टब ४९. फरक ७७, म्हणजे रोज ११ मिलिमीटर. पाण्याचा पसारा ४ हेक्टर असेल तर ते दिवसाला ४४० घनमीटर होतं, सेकंदाला साधारण ५ लिटर. हा आकडा हातात आल्यावर पुढची तपासणी अंदाजावर राहत नाही.

आता पायथ्याचा पाझर मोजा. पाझराचं सगळं पाणी एका चारीत गोळा करा आणि चारीत आडवा पत्रा बसवा. पत्र्याला इंग्रजी व्ही अक्षरासारखी काटकोनी खाच हवी, कड धारदार हवी, आणि पलीकडे पाणी मोकळं पडायला हवं. खाचेच्या टोकापासून पाण्याची उंची मोजायची, पण खाचेजवळ नाही. त्या उंचीच्या किमान चौपट अंतर वरच्या बाजूला सरकून मोजा, कारण खाचेशी पाणी खाली वाकतं. उंची ५ सेंटिमीटर असेल तर सेकंदाला ०.७७ लिटर, १० असेल तर ४.४ लिटर, १५ असेल तर १२ लिटर. उंची दुप्पट झाली की प्रवाह साडेपाच पटींहून जास्त वाढतो. म्हणून दोन सेंटिमीटरची वाढसुद्धा गांभीर्याने घ्या.

वरच्या उदाहरणात खाचेवर १० सेंटिमीटर पाणी असेल तर जवळजवळ सगळी गळती तुमच्या डोळ्यांसमोरच आहे. तिथे ५ सेंटिमीटरच असेल तर चार लिटरहून जास्त पाणी दुसरीकडून चाललं आहे: विमोचकातून, बाजूच्या टेकडीतून किंवा तलावाच्या तळातून. अशा वेळी पायथ्यावर केलेला खर्च पूर्ण वाया जातो.

यापुढची गोष्ट म्हणजे पातळीची वही, आणि माझ्या मते एवढं स्वस्त आणि एवढं बोलकं दुसरं साधन नाही. तलाव भरल्यापासून आटेपर्यंत रोजची पातळी लिहा. उतरण्याचा वेग एखाद्या पातळीशी एकदम कमी झाला, समजा मोजपट्टीवर २.४ मीटरपर्यंत रोज १८ मिलिमीटर आणि त्याखाली ७, तर गळतीचं तोंड त्या पातळीच्या आसपास आहे. उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर त्या उंचीच्या पट्ट्यात काठाने चालत जा. दगडी अस्तरात खचलेली जागा, बीळ, भेग किंवा उघडा पडलेला खडक तिथेच सापडतो. वेग शेवटपर्यंत कमी झाला नाही तर तोंड तळाशी आहे, किंवा पाणी विमोचकातून जातं आहे.

पायथ्याचं पाणी जलाशयाचंच आहे की डोंगराच्या झऱ्याचं, हा प्रश्न धरणाच्या दोन्ही टोकांना नेहमी येतो. पाण्यात विरघळलेले क्षार दाखवणाऱ्या हातातल्या टीडीएस मीटरने जलाशय, पाझर आणि जवळची विहीर अशी तिन्ही पाणी तपासा. पाझराचा आकडा जलाशयाशी जुळतो की विहिरीशी, यावरून बराच उलगडा होतो. जमिनीतून लांब वाट काढून आलेलं पाणी क्षार उचलतं, म्हणून थोडा फरक धरून चला.

विमोचकाची झडप

सगळ्यात जास्त वेळा चोर इथेच सापडतो आणि सगळ्यात कमी खर्चात सुटतो. झडप बंद करून पाटात किती पाणी येतं ते मोजा. सेकंदाला एक लिटर म्हणजे दिवसाला ८६,४०० लिटर. चहाच्या कपभर वाटणारी धार पूर्ण हंगामात एका आवर्तनाचं पाणी घेऊन जाते.

झडप पूर्ण उघडी ते पूर्ण बंद यात चाक किती वेळा फिरतं, ते मोजून खोलीच्या भिंतीवर रंगाने लिहून ठेवा. समजा ते २२ फेरे आहेत आणि आज चाक १९ वर अडलं, तर उंबऱ्यावर दगड, लाकूड किंवा गाळ आहे. अशा वेळी चाकात पाईप घालून जोर लावतात, आणि स्पिंडल, म्हणजे झडप वर-खाली करणारा आट्यांचा दांडा, वाकतो. वाकलेला स्पिंडल त्यानंतर कधीच नीट बसत नाही. झडप उलट उघडा, पाच-दहा मिनिटं जोरात पाणी सोडा, आणि मग सावकाश बंद करा. दोन-तीनदा केलं की अडकलेली वस्तू बहुधा निघून जाते. पाटाकाठी कुणी नाही ना, हे उघडण्याआधी बघा.

फेरे पूर्ण होऊनही पाणी येत असेल तर रबर सील कडक झालं आहे, झिजलं आहे किंवा बोल्ट गंजून पट्टी सैल झाली आहे. हे काम पाणी झडपेखाली गेल्यावरच होतं. जुनं रबर काढल्यावर चौकटीचा बसण्याचा भाग तारेच्या ब्रशने घासा आणि सरळ पट्टी लावून सपाटी तपासा. गंजाने खड्डे पडलेल्या चौकटीवर नवं रबर लावलं तर ते एक हंगामही टिकत नाही. नवं रबर बसवून झडप बंद केल्यावर आतून टॉर्च मारा आणि बाहेरून फट बघा. प्रकाश दिसतो तिथून पाणी येणार. स्पिंडलच्या आट्यांना वर्षातून दोनदा ग्रीस द्या, आणि पाणी सोडायचं नसलं तरी महिन्यातून एकदा झडप थोडी हलवा.

हंगामाच्या मध्यावर तात्पुरता उपाय हवा असेल तर झडपेच्या पाण्याकडच्या बाजूला वरून दगडी कोळशाची बारीक जळकी खडी किंवा लाकडाचा भुसा थोडा-थोडा सोडा. पाण्याच्या ओढीने तो फटीत जाऊन बसतो. झडप पुन्हा उघडली की तो निघून जातो, हे गृहीत धरा.

दोन गोष्टी जिवाच्या आहेत. जुन्या विमोचक विहिरीत प्राणवायू कमी असू शकतो. हवा खेळती केल्याशिवाय, कमरेला दोर आणि वर दोन माणसं असल्याशिवाय उतरू नका. आणि झडप उघडी असताना किंवा गळत असताना तिच्यासमोर पाण्यात बुडी मारायला कुणालाही पाठवू नका. ५ मीटर पाण्याखाली ६० सेंटिमीटर चौरस झडपेवर जवळपास १.८ टन दाब असतो. त्या ओढीत अडकलेला हात किंवा पाय माणसाच्या बळाने सुटत नाही.

पाईपच्या बाहेरून येणारं पाणी

झडप घट्ट बंद आहे, पाईप आतून कोरडा आहे, तरी पाईपच्या तोंडाशी भिंतीच्या कडेने पाणी झिरपतं. ही गळती कितीही बारीक असली तरी अभियंत्याला सगळ्यांत आधी दाखवायची. गोल पाईपच्या कुशीत, खालच्या वळणाशी, माती नीट धुमसता, म्हणजे ठोकून दाबता, येत नाही, म्हणून तिथे पोकळ जागा राहते आणि पाणी पाईपला धरून सरळ वाट काढतं. भराव बसला की सांधे उघडतात आणि काम सोपं होतं.

पाईप ज्या रेषेत धरणाखालून गेला आहे, त्या रेषेवर माथ्यावरून आणि दोन्ही उतारांवरून चाला. बशीएवढा खळगा, अचानक खाली बसलेलं दगडी अस्तर, गवताचा हिरवागार पट्टा ही आतली माती गेल्याची खूण आहे. खळगा माती टाकून भरू नका, खुंट्या मारा आणि रोज मोजा.

याचा कायमचा इलाज उघडून करायचा असतो आणि तो अभियंत्याच्या देखरेखीखालीच: जुन्या पाईपमध्ये कमी व्यासाचा पाईप सरकवून मधली पोकळी सिमेंट गाऱ्याने भरणे, आणि कोरड्या बाजूच्या भागात पाईपच्या चहूबाजूंनी वाळूची गाळणी बसवणे. जुन्या पद्धतीत पाईपला काँक्रीटच्या कॉलर घालत. त्यांच्याभोवती माती दाबणं आणखी अवघड होतं, म्हणून आता गाळणीवर भर असतो. बाहेरच्या तोंडाशी सिमेंट थापल्याने काहीच साधत नाही.

गाळ काढल्यानंतर वाढलेली गळती

बऱ्याच ठिकाणी गळती गाळ काढल्यानंतरच्या वर्षी सुरू होते आणि तो संबंध कुणाच्या लक्षात येत नाही. वर्षानुवर्षं बसलेला बारीक गाळ तलावाच्या तळाला नैसर्गिक अस्तर असतो. यंत्राने तो खरवडून मुरूम किंवा फुटका खडक उघडा केला की पाण्याला थेट वाट मिळते. भरावाजवळच खणलं तर ही वाट भरावाखालून जाते.

खणण्याआधी ठिकठिकाणी चाचणी खड्डे घ्या. खाली मुरूम किंवा वाळू असेल तर वर किमान अर्धा मीटर चिकणमाती शिल्लक ठेवा. भरावाच्या पाण्याकडच्या पायथ्यापासून पाण्याच्या कमाल खोलीच्या पाच ते दहा पट अंतर अजिबात हात लावू नका. पाणी ५ मीटर असेल तर २५ ते ५० मीटर.

तळ आधीच उघडा पडला असेल तर त्याच पट्ट्यात चिकणमातीचं अस्तर घालावं लागतं, दाबून झाल्यावर ६० सेंटिमीटर ते १ मीटर जाडीचं. काढलेला गाळ तसाच पसरून भागत नाही, तो वाळून तडकतो. ओलावा बरोबर असताना १५ सेंटिमीटरचे थर देऊन रोलर फिरवायचा. ओलावा मुठीने कळतो: मूठभर माती दाबली की गोळा व्हावा, हाताला चिखल लागू नये, आणि बोटाने दाबल्यावर गोळ्याचे दोन-तीन तुकडे व्हावेत, भुगा नाही. अस्तर झाल्यावर पाणी येईपर्यंत त्यावर मुरमाचा पातळ थर ठेवा, म्हणजे ते उन्हात फाटणार नाही. भरलेल्या तलावात वरून बेंटोनाइट, म्हणजे पाण्यात फुगणारी चिकणमाती, टाकणं खात्रीचं नाही. तो कोरड्या तळात मातीत मिसळून दाबला तरच काम करतो.

तलाव पूर्ण भरल्यावरच दिसणारी गळती

पाणी सांडव्याच्या पातळीला आलं की ओल दिसते, अर्धा मीटर उतरलं की बंद होते. ही माथ्याजवळच्या भेगांची लक्षणं आहेत. काळी माती कोरड्या वर्षात आकसते आणि माथा तडकतो. माथ्याच्या लांबीने जाणारी भेग उताराची हालचालही दाखवते, पण धरणाच्या आडवी, पाण्याकडून कोरडीकडे जाणारी भेग जास्त घातक, कारण पाण्याला तीच थेट वाट असते.

भेगेत आधी पातळ चुन्याचं पाणी ओता. मग भेगेच्या रेषेत चर खणत जा. पांढरी रेघ जिथे संपते तिथे भेगेचा तळ. त्याखाली आणखी ३० सेंटिमीटर खणा, बाजू थोड्या तिरक्या ठेवा, आणि भरावाच्याच जातीची ओलसर माती १५ सेंटिमीटरच्या थरांनी धुमसत भरा. प्रत्येक थरावर पुढचा टाकण्याआधी पृष्ठ खरवडा, नाहीतर थरांच्या मधूनच पाणी जातं. नुसतं वरून गारा ओतून भेग बुजवली तर खालची पोकळी तशीच राहते. सांडव्याची दगडी भिंत आणि मातीचा भराव जिथे भेटतात ती जागाही याच वेळी बघा, तिथे माती भिंतीपासून सुटलेली असते.

घुशी आणि खेकड्यांची बिळं हिवाळ्यात गवत कापल्याशिवाय दिसत नाहीत. बीळ खणून शेवटपर्यंत उघडं करा आणि थरांनी भरा, तोंड बुजवलं तर आतला बोगदा तसाच राहतो. भरावावरची बाभळीसारखी झाडं रोप असतानाच उपटा. मोठं झाड नुसतं बुंध्याशी तोडलं तर मुळं काही वर्षांत कुजतात आणि प्रत्येक मुळाच्या जागी एक नळी तयार होते. पाणी खाली गेल्यावर बुंधा मुळांसकट काढून खड्डा थरांनी भरा.

पायथ्याची गाळणी

पायथ्याशी स्वच्छ पाझर येतो पण जागा भिजून मऊ पडते, तिथे उलटी गाळणी घाला: खाली ३० सेंटिमीटर स्वच्छ वाळू, वर ३० सेंटिमीटर बारीक खडी, त्यावर दगड. पाणी जातं, माती अडते, वजनाने पायथा बसून राहतो. वाळूची जाडी-बारीकी इथे निर्णायक आहे. चाळणीच्या चाचणीत वाळूतले ज्याच्याहून १५ टक्के कण बारीक असतात तो आकार, मातीतले ज्याच्याहून ८५ टक्के कण बारीक असतात त्या आकाराच्या चार-पाच पटींहून मोठा नको. मोठा असेल तर माती वाळूतून निसटते. मातीमिश्रित वाळू घातली तर गाळणी तुंबते. दगडी पायथा आणि त्याची चारी दर हिवाळ्यात साफ करा. चारी तुंबली की ओल उतारावर वर सरकते, आणि पुष्कळदा नवी गळती म्हणून तिचाच बोभाटा होतो.

दुरुस्तीसाठी तलाव रिकामा करायचा तर घाई करू नका. पातळी दिवसाला १५ ते ३० सेंटिमीटरपेक्षा जास्त उतरवली तर पाण्याकडचा भिजलेला उतार बाहेरचा आधार गेल्याने घसरतो. फुटण्याची भीती असेल तेव्हा हा नियम लागू नाही.

दुरुस्तीनंतरची पहिली भरणी ही खरी तपासणी. निम्म्या पातळीला, पाऊण पातळीला आणि पूर्ण भरल्यावर शक्य असेल तिथे विमोचक उघडून पाणी आठवडाभर त्याच पातळीला धरा. प्रत्येक थांब्याला खाचेचं वाचन घ्या, बाटली भरा, माथ्यावरून आणि दोन्ही टोकांना चालत जा. गेल्या वर्षीच्या वहीतली त्याच पातळीची नोंद शेजारी ठेवा, कारण पाझराची तुलना पातळी सारखी असेल तरच होते. पाऊस पडत असताना घेतलेलं वाचन वेगळ्या रकान्यात लिहा. उतारावरून आलेलं पावसाचं पाणी त्यात मिसळलेलं असतं.